चौदा मिनिटांचं काम

पत्र तेइझोच्या नावाने आलं होतं.
तेइझोला त्याआधीच, तीन हिवाळ्यांपूर्वी,
वेगळ्याच ठिकाणाहून बोलावणं येऊन गेलेलं.
म्हणून पत्र घेऊन आली त्याची बायको,
फुमिए कितामुरा, वय एक्याऐंशी,
बर्फातून, दोन बस बदलून,
आणि माझ्या काउंटरवर तिने ते असं ठेवलं
जसं शेजाऱ्याचं चुकून आलेलं टपाल
परत करावं.

मी नेहमीचं वाक्य म्हटलं :
आपल्याला झालेल्या तसदीबद्दल कंपनी दिलगीर आहे.
हे म्हणताना कमरेत किती वाकायचं
ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
मग समजावलं.
पुढच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी,
थंडीत तिला चिरा पडतात, तेल झिरपतं,
आणि एके दिवशी पाय खाली जातो
आणि खाली काहीच लागत नाही.
नळी बदलायची. चौदा मिनिटांचं काम.
फुकट. वर चहा.
गाडी बाहेर लावलीय का, कितामुरा-सान?

गाडी नव्हती.
तेइझो गेल्यावर वर्षभरात तिने विकली.
पांढरी, मागच्या दाराला पोचा.
पोचा माझा, ती म्हणाली, जरा ऐटीतच.
मी चॅसीचा क्रमांक टाकला.
पडद्यावर आलं : निर्यात. नोंद रद्द.
कुठे?
फुशिकी बंदर, म्हटलं. तिथून जहाज.
पुढचं आमच्याकडे नसतं.

पुढचं मला ठाऊक नाही असं नाही.
मेव्हणा बंदरात गाड्या चढवतो, तो सांगतो :
व्लादिवोस्तोक, मग रेल्वे, मग डोंगर,
किर्गिझ नाहीतर ताजिक मुलुख,
मे महिन्यापर्यंत घाटात बर्फ,
एका टॅक्सीत सातजण आणि डिकीत मेंढरू.
हे मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं, बहुतेक गाड्या मोडीतच जातात.
मोडीत घालायला कुणी जहाजाचं भाडं भरत नाही
हे कळायला ती काही कुकुलं बाळ नव्हती.

बराच वेळ हातमोजे नीट करत बसली.
मग विचारलं,
ती अजून जपानीच बोलत असेल, नाही?
कोण?
गाडी. किल्ली फिरवली की बोलायची ना,
कार्ड घातलेलं नाही, कार्ड घातलेलं नाही.
तेइझो तिला रोज म्हणायचा, बरं बाई.

हो, म्हटलं. तो आवाज कुणी काढत नाही.
काढता येत नाही तिकडे.
कुठल्याशा वाडीत रोज पहाटे
ती टोलच्या कार्डाची आठवण करून देत असेल
जिथे टोल नाही, कार्ड नाही,
आणि चालवणाऱ्याला वाटत असेल
की बाई काहीतरी शुभ बोलतेय.

मग तिलाच सांगता येणार नाही का, ती म्हणाली,
नळीचं?

सव्वीस वर्षं झाली मला या काउंटरवर.
शिव्या ऐकल्या, एकदा चप्पलही.
या प्रश्नाला किती वाकायचं
ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

जाताना तिला टिश्यूचा डबा दिला, सगळ्यांना देतो.
दारात थांबून म्हणाली,
उतार आला की मी शेजारच्या सीटवरून पाय दाबायची.
माझ्या बाजूला काय, नुसती चटई.
तो हसायचा. चटई तेवढीच झिजलीय बघा,
टाचेएवढी.
झिजलीय, म्हणाली. होती नाही.

संध्याकाळी तक्ता भरायला घेतला.
तीन रकाने : दुरुस्त. मोडीत. मालकाचा पत्ता नाही.
मालकीणबाई तर आत्ताच इथून चालत गेली
बस थांब्याच्या उतारावरून,
एकेक पाऊल आधी चाचपून मग टाकत.
रकाना कोराच ठेवला. वरून दोनदा विचारणा झाली.

नळी मात्र आलेली आहे.
प्लॅस्टिकच्या पिशवीत, वीतभर, काळी,
तेइझो कितामुरा अशी चिठ्ठी लावलेली.
परत पाठवायची मुदत मार्चअखेर होती.
आता जून चाललाय.
मांडणीच्या खालच्या खणात आहे ती.
अधूनमधून वाकवून बघतो.
चांगली आहे. कुठे चीर नाही.